हंगामानंतरचं दुखणं

पाय दुखायला लागले ते हंगाम संपल्यावर.

हंगाम चालू होता तेव्हा सगळं ठीक होतं. ब्रेवे म्हणजे लांब पल्ल्याची सायकल राइड, आणि ती पुरी करायची वेळ ठरलेली असते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. तुम्ही झोपा, जेवा, पंक्चर काढा, घड्याळ थांबत नाही. त्या घड्याळाबरोबर राहण्यात एक नशा आहे आणि मला ती मनापासून आवडते. रात्री दोन-तीनच्या सुमाराला दिव्याच्या उजेडात मावेल एवढाच रस्ता उरतो, पाय आपोआप फिरत असतात आणि मन असं रिकामं होतं की तसं ते एरवी कधीच होत नाही. दमणूक व्हायची, मांड्या भरून यायच्या, पण दोन रात्री नीट झोप झाली की पाय पुन्हा हलके. मग पुढची राइड.

शेवटची मोठी राइड झाली. सायकल धुतली, चेनला तेल दिलं आणि थोडे दिवस पूर्ण आराम करायचं ठरवलं. पंधरवडा उलटायच्या आत दुखणं सुरू झालं. आधी डावा गुडघा, वाटीच्या खालच्या बाजूला. मग दोन्ही पोटऱ्या. मग टाचेच्या वर, मागच्या बाजूला. पुढे खुबा, आणि अधूनमधून हाताच्या बोटांची पेरंसुद्धा. मी पडले नव्हते, काही मुरगळलं नव्हतं, सूज दिसत नव्हती. कधी नुसती रग लागल्यासारखं व्हायचं, कधी ठणका. रात्री अंथरुणात पाय कुठे ठेवू आणि कुठे नको असं होऊन जायचं. सकाळी पलंगावरून उतरताना पहिली पाच-सहा पावलं जपून, भिंतीचा आधार घेत. रात्रभर सायकल चालवू शकणाऱ्या बाईला घरातल्या घरात असं चालावं लागावं, हे काही केल्या पटत नव्हतं.

पाय दुखतात म्हटलं की समोरच्याकडे कारण तयार असतं. मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळालेलं कारण म्हणजे लॅक्टिक अॅसिड साठलंय. हा समज इतका पसरला आहे की त्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं. जोराच्या व्यायामात रक्तातलं लॅक्टेट वाढतं हे खरं, पण थांबल्यावर साधारण तासाभरात ते पूर्वपदावर येतं. स्नायू आणि हृदय ते चक्क इंधन म्हणून वापरतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे अंग दुखतं त्याचा आणि लॅक्टेटचा संबंध नाही. तो दुखवा थिओडोर हफ या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच नोंदवून ठेवला होता आणि स्नायूंच्या आतल्या बारीक इजांशी जोडला होता. तो २४ ते ७२ तासांत टोकाला जातो आणि आठवड्याभरात ओसरतो. माझं दुखणं आठवड्यामागून आठवडे गेले तरी तिथेच होतं. त्यामुळे हेही कारण बाद झालं.

रक्ताच्या पहिल्या तपासण्या झाल्या. हिमोग्लोबिन, युरिक अॅसिड, कॅल्शियम, शरीरातला दाह दाखवणारं सीआरपी, संधिवातासाठीचा ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर. सगळं नॉर्मल. गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ. घरच्यांना हायसं वाटलं, मलाही वाटलं. पण नॉर्मल रिपोर्ट हातात आल्यावर दुखणाऱ्या माणसाच्या वाट्याला एक एकटेपणा येतो, त्याबद्दल फार कुणी बोलत नाही. काही निघालं असतं तर लोकांनी विचारपूस केली असती. काहीच निघालं नाही, म्हणून विषय संपतो. दुखणं मात्र संपलेलं नसतं. हळूहळू आपणच आपल्या बोलण्यावर शंका घ्यायला लागतो, खरंच एवढं दुखतंय का, की आता राइड नाहीत म्हणून लक्ष तिकडे जातंय? या शंकेचा त्रास मला ठणक्यापेक्षा जास्त झाला.

दुसऱ्या वेळी गेले तेव्हा डॉक्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कुठे दुखतं ते तुम्ही तीनदा सांगितलंत. आता कधी दुखतं ते सांगा."

मला नीट सांगता येईना. तेव्हा त्यांनी एक-एक करून विचारायला सुरुवात केली. सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो? पाच-दहा मिनिटांत मोकळं होत असेल तर ती एक दिशा. अर्धा तास, तासभर टिकत असेल, सांधे गरम किंवा सुजलेले असतील, तर सांध्यांच्या दाहाचा संशय, मग रक्ताच्या पहिल्या तपासण्या स्वच्छ असल्या तरी पाठपुरावा करावा लागतो. कंबर आणि खुबे पहाटे आखडतात आणि हालचालीने बरं वाटतं? तसं असेल तर मणक्याच्या दाहाचा वेगळा विचार. चढावर पूर्ण जोर लावल्यावरच मांडीतलं बळ जातं आणि थांबल्यावर काही मिनिटांत सगळं ठीक होतं? हा प्रश्न ऐकून मला आश्चर्य वाटलं. त्यांनी समजावून सांगितलं की वर्षानुवर्षं कमरेत वाकून जोराने पेडल मारणाऱ्या सायकलपटूंपैकी काहींच्या खुब्यापुढच्या धमनीची भिंत जाड होते आणि रक्तपुरवठा अपुरा पडतो. १९८० च्या दशकात फ्रान्समधल्या डॉक्टरांनी स्पर्धक सायकलपटूंमध्ये हा आजार वर्णन केला. विश्रांतीच्या वेळी पायातला रक्तदाब मोजला तर तो सरळ येतो, व्यायामानंतर लगेच मोजला तर पडलेला दिसतो. म्हणजे तपासणीची वेळ चुकली तर आजार दिसणारच नाही.

हे मला फार महत्त्वाचं वाटलं. दुखण्याची जागा फसवू शकते. खुब्यातलं दुखणं गुडघ्यात जाणवतं, कमरेच्या मणक्यातून निघालेलं मांडीत आणि पोटरीत उतरतं. वेळ त्या मानाने कमी फसवते. त्या दिवसापासून मी दुखण्याची वही ठेवली. जागा, वेळ, त्याआधी काय केलं होतं, किती वेळ टिकलं, कशाने थांबलं. तीन-चार आठवड्यांनी ती वाचताना लक्षात आलं की मी ज्याला एक दुखणं म्हणत होते ती निदान तीन वेगवेगळी दुखणी होती. आणि त्यांच्यापलीकडे थोडं काही उरत होतं, ज्याला वेळापत्रक नव्हतं.

टाचेवरचं दुखणं सकाळचं होतं. पहिली पावलं टाकताना धरायचं, चालायला लागलं की सुटायचं, आणि दिवसभर बरीच पायपीट झाली तर दुसऱ्या सकाळी जास्त धरायचं. टेंडन, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर, अशीच वागतात. हालचालीने ती तापतात आणि त्या वेळेपुरतं दुखणं दडतं, हिशेब दुसऱ्या दिवशी होतो. हंगामात मी जवळजवळ रोज सायकलवर असल्यामुळे ती रोज तापत होती. शिवाय व्यायामामुळे काही काळ वेदनेची जाणीवच बोथट होते, तोही रोजचा लाभ मिळत होता. सायकल उभी राहिली आणि दोन्ही गोष्टी एकदम बंद झाल्या.

टेंडनबद्दल वाचताना मला एक संशोधन सापडलं आणि ते मी अक्षरशः पुन्हा पुन्हा वाचलं. १९५५ ते १९६३ या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण एकदम वाढलं आणि नंतर वर्षानुवर्षं कमी होत गेलं. त्या काळात जगलेल्या प्रत्येक सजीवाच्या पेशींमध्ये त्या-त्या वर्षाच्या हवेची खूण राहिली. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी मृत व्यक्तींच्या टाचेवरच्या टेंडनचा गाभा तपासला आणि त्यातलं कार्बन-१४ कोणत्या वर्षांच्या हवेशी जुळतं ते पाहिलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की टेंडनचा गाभा साधारण वयाच्या १७ व्या वर्षापर्यंत तयार होतो आणि त्यानंतर जवळजवळ नवा होतच नाही. स्नायू मात्र आयुष्यभर नवे होत राहतात.

चाळिशी ओलांडलेली मी ज्या टेंडनवर ६०० किलोमीटर जाते, त्याचा गाभा माझ्या शाळेच्या वयातला आहे. एका हंगामात हृदयाची ताकद वाढते, फुप्फुसांचा दम वाढतो, मांड्या भरतात, ते सगळं काही आठवड्यांत जाणवायला लागतं. त्या वाढलेल्या ताकदीने मी जास्त जड गिअर ओढायला लागते. ती ओढ सोसणारं टेंडन त्या वेगाने बदलत नाही. ताण पेलायची त्याची क्षमता वाढते, पण महिन्यांच्या हिशेबाने, तीही ताण हळूहळू आणि नेमाने दिला तर. एकदम वाढवला तर बिघडतं आणि एकदम सगळा काढून घेतला तरी ते कमकुवत होतं. मी घेतलेल्या पूर्ण आरामाबद्दल फिजिओ म्हणाली, "ताई, याला आराम हवाय, पण रिकामं बसणं नकोय." वयाने ती माझ्यापेक्षा बरीच लहान आहे, पण इतकं नेमकं बोलणारी माणसं मला क्वचितच भेटली आहेत.

दुसरं दुखणं गुडघ्याचं. त्याची वेळ जिन्याची होती, आणि बराच वेळ गुडघे दुमडून बसल्यावर उठण्याची. वाटीमागचं दुखणं याच वेळांना येतं. सायकलवर गुडघ्याला काय सोसावं लागतं त्याचा हिशेब मी एकदा मांडला. मिनिटाला ९० फेऱ्या धरल्या तर तासाला एकेका पायाच्या ५,४०० फेऱ्या होतात. उतारावर पाय थांबतात ते सोडून दिलं तरी ६०० किलोमीटरच्या राइडमध्ये प्रत्येक गुडघा जवळपास लाखभर वेळा दुमडतो आणि उलगडतो, आणि प्रत्येक वेळी त्याच मार्गाने, कारण क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, १७० मिलिमीटरचा असेल तर तो १७० चाच राहतो, बूट पेडलला अडकवणारं क्लीट बुटाला घट्ट असतं, पाऊल फारसं इकडेतिकडे जात नाही. चालताना, पळताना प्रत्येक पाऊल थोडं वेगळं पडतं. सायकलवर तसं होत नाही. म्हणून तर सीटच्या उंचीतल्या थोड्याशा फरकाला इतकं महत्त्व आहे. सीट खाली असली की पेडल वर येताना गुडघा जास्त दुमडतो, वाटीमागचा दाब वाढतो आणि पुढून दुखतं. फार उंच असली की पाय ताणला जातो, कंबर डावी-उजवीकडे हलायला लागते आणि गुडघ्याच्या मागे दुखतं. पेडल तळाशी असताना गुडघा २५ ते ३५ अंश दुमडलेला असावा, हे बाइक फिट करणाऱ्यांचं रूढ माप. माझं मोजलं, ते त्याच्या आतच आलं. मापात दोष नव्हता. उरला तो लाखाचा आकडा.

गुडघ्याच्या आत नेमकं दुखतं काय, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नव्हता. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजली असेल असं सगळे म्हणतात, पण कूर्चेत नसा नसतात आणि रक्तवाहिन्याही नसतात. स्पंज दाबला की पाणी बाहेर येतं आणि सोडला की आत शोषलं जातं, तशी ती दाबातून सांध्यातल्या द्रवाची देवाणघेवाण करून जगते. तिला स्वतःला दुखणं माहीतच नाही. स्कॉट डाय या अमेरिकन हाडांच्या डॉक्टरांनी याचा छडा स्वतःच्या शरीरावर लावला. त्यांनी स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांची दुर्बिणीतून तपासणी करून घेतली, सांध्याच्या आत भूल न देता. दुर्बीण जिथून आत जाते तेवढी कातडी फक्त बधिर केली होती. सहकारी डॉक्टर आतला एकेक भाग सळईने दाबत होते आणि डाय किती दुखतंय, कुठे दुखतंय ते सांगत होते. हा प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. वाटीच्या कूर्चेला स्पर्श केला तेव्हा त्यांना काहीच जाणवलं नाही. सांध्याचं अस्तर आणि वाटीखालची चरबीची गादी यांना हात लावताच मात्र असह्य वेदना. आणि आतल्या अस्थिबंधांना दाबलं तेव्हा दुखत होतं, पण कुठे दुखतंय हे त्यांना नीट सांगता येत नव्हतं.

हाडांचे डॉक्टर, गुडघ्याचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेले, शुद्धीवर असताना स्वतःच्या गुडघ्यातली जागा सांगू शकले नाहीत. हे वाचल्यावर माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं. मला जागा सांगता येत नव्हती, आज इथे उद्या तिथे म्हणत होते, म्हणून माझं दुखणं खोटं ठरत नव्हतं. आणि एक्स-रेमध्ये जे दिसत नाही अशा अस्तराला आणि गादीला चांगलाच ठणका लागू शकतो, हेही कळलं.

याच सुमाराला एमआरआय करावा का असा विषय निघाला. डॉक्टरांनी नको म्हटलं आणि कारणही दिलं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या प्रसिद्ध पाहणीतल्या पन्नाशीपुढच्या ज्या लोकांच्या एक्स-रेमध्ये गुडघ्याचा संधिवात दिसत नव्हता, त्यांचे एमआरआय काढले तेव्हा ८९ टक्के लोकांत काही ना काही बिघाड सापडला. गुडघा दुखणाऱ्यांत आणि न दुखणाऱ्यांत या प्रमाणाचा फरक थोडाच होता. हा अभ्यास २०१२ चा. माझं वय त्याहून थोडं कमी आहे, पण मुद्दा लागू होतो. चित्रात काहीतरी सापडलं असतं आणि मी त्या सापडलेल्याला घाबरून राहिले असते, त्याचा माझ्या जिन्याशी संबंध असो वा नसो. गुडघा अडकत असता, सुजत असता, लचकून निसटत असता तर गोष्ट वेगळी होती.

रात्रीचं दुखणं तिसरं. खरं म्हणजे वही लिहिताना कळलं की ते दुखणं कमी आणि अस्वस्थता जास्त होती. पोटऱ्यांमध्ये आतून काहीतरी ओढल्यासारखं, पाय हलवला की क्षणभर बरं, पुन्हा तेच. संध्याकाळनंतर सुरू व्हायचं, पहाटे थांबायचं. डॉक्टरांनी हे वाचल्याबरोबर फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचं माप, तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन नॉर्मल असताना शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो आणि सहनशक्तीच्या खेळांतल्या बायकांमध्ये हे विशेष दिसतं. रात्री पायांना स्वस्थता न मिळण्याचा आजार स्वीडनच्या कार्ल-अॅक्सेल एकबॉम यांनी १९४५ मध्ये सविस्तर मांडला, आणि लोहाच्या कमतरतेशी त्याचं नातं आता चांगलं माहीत आहे. माझं फेरिटिन बरंच खाली निघालं. गोळ्या सुरू झाल्या आणि रात्रीचा तो प्रकार काही महिन्यांत पुष्कळ निवला. ही एक गोष्ट तरी स्वच्छ सुटली. मनासारखी झोप मिळायला लागल्यावर बाकीची दुखणीही एक पायरी खाली उतरली, कारण अपुरी झोप प्रत्येक वेदनेला धार लावते.

मग उरलं ते चौथं. बोटांची पेरं, खुबा, कधी खांदाही. सायकलशी उघड नातं नाही, वेळ नाही, जागा नाही. यासाठी डॉक्टरांनी पुष्कळ काही पडताळलं. थायरॉइड मंद असेल तर स्नायू दुखतात आणि गोळे येतात. ड जीवनसत्त्व फार कमी असेल तर हाडं आणि मांड्या दुखतात. चिकुनगुनियासारखा ताप येऊन गेला असेल तर सांधे महिनोन्महिने धरतात. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू आहे का? मध्यंतरी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन घेतलं होतं का? या गटातल्या औषधांनी टेंडन दुखावतात, क्वचित तुटतातही, आणि अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००८ पासून त्यांच्यावर ठळक इशारा छापायला लावला आहे. यातलं माझ्या बाबतीत काही लागू पडलं नाही.

पाळीबद्दलही त्यांनी विचारलं. या प्रश्नासाठी मी त्यांची मनापासून ऋणी आहे, कारण गुडघेदुखी घेऊन आलेल्या बाईला हे फार कमी वेळा विचारलं जातं. रजोनिवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत सांधे दुखणं अगदी सर्रास आढळतं. त्याचबरोबर दुसरीही शक्यता असते. शरीराला व्यायामाच्या मानाने अन्न कमी पडत असेल तर पाळी अनियमित होते, हाडं विरळ होतात, इजा भरून येत नाहीत, मूड बिघडतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेवर सविस्तर निवेदन काढलं आणि ती पुरुषांनाही होते हे स्पष्ट केलं. त्यातलं एक माप लक्षात ठेवण्यासारखं आहे. व्यायामात खर्च झालेल्या कॅलरी वजा केल्यावर चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे रोज ३० कॅलरीसुद्धा शिल्लक राहत नसतील तर धोका वाढतो. चरबी वगळून ४५ किलो वजन असलेल्या बाईला म्हणजे व्यायामाचा खर्च सोडून निदान १,३५० कॅलरी हव्यात. तासाला ५०० कॅलरी जाळणारी राइड पाच तास चालली तर त्या दिवशी किती खायला हवं, हा हिशेब ज्याने त्याने करून पाहावा. भूक लागेल तेवढं खाऊन तो दर वेळी पुरा होत नाही, कारण लांब राइडनंतर बऱ्याच जणांची भूक मरते. सायकलिंगच्या जगात वजन कमी करण्याचं जेवढं कौतुक होतं त्याच्या निम्मं तरी पोटभर खाण्याचं व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

चौथ्या दुखण्याला अजून नाव मिळालेलं नाही. हार्मोन्सचा वाटा असावा असं डॉक्टरांना वाटतं, पण त्या खात्रीने म्हणत नाहीत आणि त्यांचं हे खात्रीने न म्हणणं मला आवडतं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ ची आपली व्याख्या २०२० मध्ये सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपणांत लिहिलं की वेदना होत असल्याचं एखाद्याने सांगितलं तर त्याचा मान राखला पाहिजे. त्यांच्या वर्गवारीत आता अशाही वेदनेला जागा आहे जिच्यात ऊतींची इजा दिसत नाही आणि नसांचा आजारही सापडत नाही, वेदनेचे संदेश हाताळणारी यंत्रणाच जास्त संवेदनशील झालेली असते. लांबचा थकवा, मोडलेली झोप, काळजी या सगळ्यांनी ती तशी होऊ शकते. यात कुणी नाटक करत नसतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायलाच हवी, कारण दुखण्याचं मूळ सापडत नाही म्हणून घरी बसून राहणं काही वेळा महागात पडतं. एकच पोटरी सुजली, गरम झाली आणि दुखायला लागली, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. त्याच्या जोडीला धाप लागली तर एक मिनिटही थांबू नये. फार कष्टाच्या राइडनंतर स्नायू कमालीचे दुखतात आणि लघवी गडद तपकिरी होते, तेव्हा स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण आलेला असतो. तापाबरोबर एखादा सांधा लाल आणि गरम होणं, पाय लुळा पडणं, वजन आपोआप घटणं, याही वही लिहीत बसण्याच्या गोष्टी नाहीत. आणि लांब राइडमध्ये शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊन पुढे जाऊ नये, मूत्रपिंडं दुहेरी ताणाखाली येतात.

सायकलिंगच्या इतिहासातला एक प्रसंग या महिन्यांत वारंवार मनात यायचा. १९८० चा टूर द फ्रान्स. फ्रान्सचे सायकलपटू बर्नार हिनो आघाडीवीराची पिवळी जर्सी अंगावर असताना, पो या गावी, गुडघ्याच्या दुखण्यामुळे शर्यत सोडून गेले. आघाडीवर असताना. त्याच वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी सालांश इथे ते जगज्जेते झाले. १९८३ मध्ये गुडघ्याने पुन्हा त्रास दिला, टूरला जाता आलं नाही, शस्त्रक्रिया झाली, आणि १९८५ मध्ये त्यांनी पाचव्यांदा टूर जिंकला. त्यांच्या आणि माझ्या सायकलिंगची तुलना होऊ शकत नाही, पण शर्यत सोडतानाची ती रात्र त्यांनी कशी काढली असेल याचा विचार मी केला आहे. पिवळी जर्सी घातलेल्या माणसालाही गुडघ्याचंच ऐकावं लागलं.

आता फिजिओने आखून दिलेलं काम चालू आहे. टाचेसाठी पायरीच्या कडेवर उभं राहून सावकाश वर-खाली, वजन हळूहळू वाढवत. मांड्या आणि खुब्यांसाठी वजन उचलणं. यात मला मजा यायला लागली आहे, आणि हाडांसाठीही ते हवंच, कारण सायकलवर हाडांना भार मिळत नाही आणि रस्त्यावर स्पर्धा करणाऱ्या सायकलपटूंच्या मणक्याची घनता कमी आढळते. सायकल चालू आहे, हलक्या गिअरवर, पाय जलद फिरवत. किती करायचं याचा नियम साधा आहे. करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी टाच आदल्या सकाळपेक्षा जास्त धरता कामा नये. धरली तर एक पायरी मागे. या नियमामुळे मला दर सकाळी पहिल्या पावलांतच उत्तर मिळतं, आणि आता ती पावलं मी भिंतीचा आधार न घेता टाकते. जिना अजून कधी कधी बोलतो. बोटांच्या पेरांचा नेम नाही.

येत्या हंगामात २०० आणि ३०० करायच्या आहेत. ४०० चं टाचेचं आणि फेरिटिनचं पाहून ठरवीन. ६०० या वर्षी नाही, ते फिजिओने आणि मी मिळून ठरवलं आहे, आणि शेवटच्या राइडनंतर यंदा सायकल एकदम उभी करायची नाही, महिनाभर कमी करत न्यायची. वही चालूच राहील. चौथ्या दुखण्यासाठी तिच्यात मी एक वेगळा रकाना केला आहे, पाळीच्या तारखांसकट, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर तोच आधी उघडणार आहे.